बाराटांगची एका दिवसाची सहल: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय करायचं, काय टाळायचं

अंदमानला जाणारी आपली मराठी मंडळी बहुतेक सेल्युलर जेलसाठी जातात, सावरकरांची कोठडी बघून डोळे भरून येतात, मग हॅवलॉकचा बीच, आणि मधे एक दिवस मोकळा राहिला की टूरवाला म्हणतो "बाराटांग करून टाका". आम्ही पण असंच "करून टाकलं" पहिल्यांदा, आणि अर्ध्या गोष्टी कळल्याच नाहीत, कुठे थांबायचं, कुठे फॉर्म भरायचा, कशासाठी एवढी घाई चाललीये. दुसऱ्या वेळी दादा-वहिनी आणि त्यांच्या मुलांना घेऊन गेले तेव्हा सगळं नीट ठरवून केलं आणि तीच जागा अगदी वेगळी वाटली. म्हणून हे लिहितेय, एकेक पायरी, जशी लागेल तशी.

आधी थोडक्यात सांगते काय आहे तिथे. बाराटांग हे दक्षिण आणि मध्य अंदमानच्या मधलं बेट, पोर्ट ब्लेअरपासून (आता नाव श्री विजयपुरम, पण टॅक्सीवाल्यांच्या तोंडात अजून पोर्ट ब्लेअरच) रस्त्याने साधारण १०० किमी. बघायला तीन गोष्टी: कांदळवनातून स्पीडबोटीचा प्रवास, चुनखडीची गुहा, आणि चिखलाचा ज्वालामुखी. चौथी पॅरट आयलंड, पण ती संध्याकाळची, तिथे राहणार असाल तरच जमते. तिन्ही मिळून बघायचा वेळ जेमतेम तीन तास, बाकी सगळा दिवस जाण्यायेण्यात. हे आधीच मनात धरून निघा म्हणजे "एवढ्यासाठी एवढं?" असं होत नाही.

१. आपल्याला जमेल का ते आधी बघा

पहाटे तीनला उठायचं आहे, वळणावळणाच्या रस्त्याने गाडीत जाऊन येऊन सात-आठ तास बसायचं आहे, बोटीत चढउतार आहे, आणि गुहेपर्यंत जंगलातून साधारण दीड किमी चालत जायचं आणि तेवढंच परत. वाट अवघड नाही पण दमट हवेत घामाने चिंब होतो माणूस, आणि मधे दगड, मुळं, थोडा चढउतार आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात, पहिल्या वेळी ती गुहेपर्यंत आली पण परतताना तिचे हाल झाले. वाटेत सावलीला बसायला जागा आहेत, लिंबू सरबत मिळतं, पण उचलून आणायची सोय काही नाही. गुडघ्याचं, दम्याचं दुखणं असेल तर नीट विचार करा. अगदी तान्हं बाळ असेल तर मी तरी नको म्हणेन.

गाडी लागणाऱ्यांनी गोळी आदल्या रात्री आणि निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची, डॉक्टरला विचारून. आवळा सुपारी, लिंबू, जे तुम्हाला चालतं ते हाताशी ठेवा.

२. दिवस आणि मोसम

नोव्हेंबर ते एप्रिल चांगलं. अंदमानला नैऋत्येचा पाऊस मे महिन्यातच सुरू होतो, आणि आपल्याकडचा पाऊस संपला तरी तिथे परतीचा चालू असतो, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरला एखादी मोठी सर आली तर आश्चर्य नको. पाऊस जास्त असला की बोटी बंद ठेवतात.

सोमवार टाळा. सोमवारी गुहा बंद असते. टूर प्लॅनमधे बाराटांग सोमवारी टाकलं असेल तर तिथल्या तिथे दिवस बदलून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हे गाडीत बसल्यावर कळलं, आणि तोपर्यंत पैसे भरून झाले होते.

अजून एक, घड्याळाचं. भारतात घड्याळ एकच पण सूर्य तिथे आधी पोचतो. मुंबई ७३ रेखांशाच्या आसपास आणि पोर्ट ब्लेअर ९२-९३ वर, म्हणजे जवळजवळ २० अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य सव्वा तासाहून जास्त आधी. थंडीत संध्याकाळी पाच-सव्वापाचला तिथे सूर्य मावळलेला असतो. म्हणून सगळा कारभार पहाटे सुरू होतो, आपण "दहाला निघू आरामात" म्हटलं तर दिवस गेलाच.

३. बुकिंग करताना हे विचारा

स्वतःची गाडी ठरवा नाहीतर ग्रुपच्या बसमधून जा, दोन्ही चालतं. चार-पाच जण असाल तर गाडीच बरी, थांबायचं-निघायचं आपल्या हातात राहतं. पण भाव ऐकल्यावर लगेच हो म्हणू नका, पैशात काय काय धरलंय ते एकेक करून विचारा:

- फेरीचं (गाड्या-माणसं पलीकडे नेणाऱ्या मोठ्या बोटीचं) तिकीट
- स्पीडबोट (हा मोठा खर्च असतो, आणि बऱ्याचदा "तिथे गेल्यावर द्या" म्हणतात)
- गुहेसाठी वनखात्याचा परवाना
- चिखलाच्या ज्वालामुखीपर्यंतची जीप
- सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण

आमच्या पहिल्या वेळच्या पॅकेजमधे ज्वालामुखीची जीप धरलेलीच नव्हती, ते तिथे उतरल्यावर कळलं, आणि हातात रोख पुरेशी नव्हती म्हणून ते बघायचंच राहिलं. व्हॉट्सॅपवर लिहून घ्या सगळं.

आणि कोणी "जारवा (वाटेतल्या जंगलात राहणारे आदिवासी) दाखवतो" असं म्हणून टूर विकत असेल तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका. का ते पुढे सहाव्या पायरीत लिहिलंय, ते कृपा करून वाचा.

४. कागदपत्रं आणि सामान

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, आधार चालतं. लहान मुलांचं पण.
- प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स, आदल्या दिवशी काढून ठेवायच्या. पहाटे तीनला झेरॉक्सचं दुकान कुठे शोधणार.
- परदेशी पासपोर्टवर आलेले नातेवाईक असतील तर पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड, आणि टूरवाल्याला बुकिंगच्या वेळीच सांगायचं, आयत्या वेळी नाही.
- रोख पैसे, सुट्ट्या नोटांसकट. तिथे नेटवर्क येतं जातं, फोनवरून पैसे जातीलच याची खात्री नाही.
- टॉर्च. मोबाइलचा चालतो पण वेगळा असला तर हात मोकळा राहतो.
- मागे पट्टा असलेली सँडल किंवा ग्रिप असलेले बूट. स्लिपर नको, गुहेत ओलं असतं.
- पाणी, टोपी, छत्री किंवा रेनकोट, डासांचं मलम, एक जादा टीशर्ट.
- खायला आपलं काहीतरी. भाकरवडी, दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, काहीही. उपास किंवा जैन जेवण असणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण जेटीवर पुरी-भाजी, इडली-डोसा, वडे, चहा मिळतो पण त्यापलीकडे फार अपेक्षा नको. सुकं खाणं झाकून सॅकच्या तळाशी ठेवा.

ओळखपत्राचं परत सांगते. पहिल्या वेळी बाबांचं आधार हॉटेलच्या कपाटात राहिलं, अर्ध्या वाटेत लक्षात आलं, परत फिरलो आणि पोलिस बंदोबस्तात सुटणारा सहाचा गाड्यांचा ताफा हुकला. तीन तास जिरकाटांगच्या चौकीवर बसून राहिलो. आता मी सगळ्यांची ओळखपत्रं आदल्या रात्री एका पाकिटात घालून माझ्या पर्समधे ठेवते, दुसऱ्या कोणावर सोडत नाही.

५. पहाटेचं निघणं आणि जिरकाटांगची चौकी

पोर्ट ब्लेअरहून जिरकाटांग साधारण ४५ किमी, सव्वा ते दीड तास. पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो म्हणून तिथे एकेकट्या गाड्या सोडत नाहीत, सगळ्या गाड्या जमवून पोलिसांच्या बंदोबस्तात एकत्र सोडतात, त्याला सगळे कॉन्वॉय म्हणतात. सकाळचा पहिला सहाला, मग नऊला, मग दुपारी बाराचा आणि शेवटचा अडीच-तीनच्या सुमाराला. वेळा मधूनमधून बदलतात, आदल्या दिवशी ड्रायव्हरला विचारून घ्या. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर सहाचाच धरायचा. नऊचा धरला तर सगळं पळापळीत होतं, आमचं तसंच झालं होतं.

सहाच्या कॉन्वॉयसाठी हॉटेलमधून तीन-साडेतीनला निघायचं. "साडेचारला निघू, पोचतो" असं ड्रायव्हर म्हणेल आणि पोचेलही, पण रांगेत मागे उभं राहावं लागतं. मागे राहिलात तर पुढे फेरीला मागे, बोटीला मागे, गुहेत गर्दीत. पुढच्या तीस-चाळीस गाड्यांत असलात तर सकाळची गुहा जवळजवळ रिकामी मिळते.

चौकीवर फॉर्म भरायचा असतो, गाडीचा नंबर, सगळ्यांची नावं, वय, ओळखपत्राची प्रत. बहुतेक ड्रायव्हरच भरतो पण तुम्ही एकदा नजर घाला, नावाचं स्पेलिंग आणि माणसांची संख्या बरोबर आहे ना बघा. तिथे चहाच्या टपऱ्या आहेत, टॉयलेट आहे. टॉयलेटला जाऊनच या, लहान मुलांना पण न्या, कारण पुढे दीड तास गाडी कुठेही थांबत नाही. म्हणजे अक्षरशः कुठेही नाही.

६. राखीव जंगलातला रस्ता: हा भाग नीट वाचा

जिरकाटांगपासून मिडल स्ट्रेटपर्यंत (जिथून फेरी सुटते ती जागा) जवळपास ५० किमीचा हा रस्ता जारवांच्या घरातून जातो. अंदमान ट्रंक रोड म्हणतात त्याला. ते लोक या जंगलात हजारो वर्षं राहतायत, १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते, त्यानंतर आपणहून बाहेर दिसायला लागले. आणि लगेच १९९९ मधे त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याला जे लहानपणी होऊन जातं ते त्यांच्यासाठी जिवावरचं असतं. त्यांच्याच शेजारचे ग्रेट अंदमानी लोक इंग्रजांच्या काळात हजारांतून काही डझनांवर आले, त्यात रोगराईचा मोठा वाटा होता. जारवा आज काही शेकडाच आहेत.

२००२ मधे सुप्रीम कोर्टाने हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तो अजून चालू आहे. २०१२ मधे पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला, केवढा गदारोळ झाला, २०१३ च्या जानेवारीत कोर्टाने पर्यटकांना काही आठवडे पूर्ण बंदीच घातली होती. म्हणजे या रस्त्यावरून आपण जातोय हीच मोठी सवलत आहे, तेवढं भान ठेवून जा.

नियम असे:

- गाडी थांबवायची नाही, ओव्हरटेक करायचं नाही.
- फोटो नाही, व्हिडिओ नाही. जारवांचाच नाही असं नाही, त्या पट्ट्यात कॅमेरा-मोबाइल काढायचाच नाही.
- खिडकीतून काहीही द्यायचं नाही, बिस्किट नाही, केळं नाही, कपडे नाहीत, तंबाखू तर नाहीच.
- हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही.

१९५६ पासूनचा कायदा आहे आणि २०१२ मधे तो अजून कडक केला, तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षेच्या भीतीने नको, आपल्या अंगणातून रोज शंभर गाड्या काचेला नाक लावून गेल्या तर आपल्याला कसं वाटेल एवढंच मनात आणा. दुसऱ्या वेळी जाताना वहिनीने मुलांना आदल्या रात्रीच सगळं समजावलं होतं. वाटेत रस्त्याच्या कडेला एक बाई आणि दोन मुलं उभी दिसली, आमच्या गाडीतलं कोणी काही बोललं नाही, पुतणीने आपणहून नजर खाली घेतली. मला फार बरं वाटलं.

आणि जंगल बघा की! उंचच उंच झाडं, पहाटेचं धुकं, वेलींनी भरलेले बुंधे. हे अंदमानच्या मूळ जंगलाचे उरलेले चांगले तुकडे आहेत, आणि ते उरलेत तेच मुळी हे लोक तिथे राहतात म्हणून.

७. मिडल स्ट्रेट ते नीलांबूर जेटी

साडेसात-पावणेआठला मिडल स्ट्रेटला पोचता. नाश्ता इथे करून घ्या, भराभर. आपली गाडी बहुतेक याच बाजूला उभी राहते, आपण फेरीने पलीकडे बाराटांग बेटावरच्या नीलांबूरला जायचं, पंधरा-वीस मिनिटं. फेरीत गाड्या, बस, माणसं, कोंबड्या सगळं एकत्र असतं. उतरताना गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या, आणि परत किती वाजता कुठे भेटायचं ते ठरवा. एकाच रंगाच्या साठ-सत्तर गाड्यांतून आपली शोधायला वेळ लागतो आणि फोन लागत नाही.

पलीकडे उतरलं की बोटीचं तिकीट आणि परवाना. तुमच्या टूरवाल्याचा माणूस तिथे असेल तर तो करतो, नसेल तर काउंटरवर नावं द्यायची.

८. कांदळवनातली बोट

एका बोटीत साधारण दहा जण. लाइफ जॅकेट घालायचं आणि पट्टे खरंच बांधायचे. तोल सांभाळून मधे पाय ठेवून चढायचं, कडेवर नाही. बोटीबाहेर हात सोडू नका, या खाड्यांमधे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाट्या लावलेल्या दिसतील आणि त्या शोभेसाठी नाहीत.

सुरुवातीला रुंद पाणी, बोट सुसाट जाते, मग एकदम वळून अरुंद खाडीत शिरते आणि इंजिन हळू होतं. दोन्ही बाजूंची कांदळं वर एकमेकांना भिडलेली, पाण्यावर हिरवा अंधार. कोकणातल्यांना हे झाड ओळखीचं, आपल्या खाड्यांमधे तिवर, कांदळ असतातच, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती माणसाच्या दीड-दोन पट उंचीची झुडपं राहिलीत, इथे ती खरी झाडं आहेत. मुळं बघा, बुंध्यातून कमानीसारखी निघून चिखलात रोवलेली. चिखलात हवा नसते म्हणून मुळांनी वरूनच श्वास घ्यायचा, आणि भरती-ओहोटीत झाड उभं पण ठेवायचं, दोन्ही कामं त्याच मुळांची. बोटवाल्याला "जरा इंजिन बंद करता का भैया" असं विनवलं तर कधी कधी मिनिटभर करतात. आमच्या बोटवाल्याने केलं. पाण्याचा थेंब पडलेला ऐकू येत होता.

साधारण अर्ध्या तासात नयाडेराला, म्हणजे गुहेची वाट सुरू होते तिथे, पोचता.

९. गुहा

लाकडी पुलावरून उतरायचं, मग जंगल, मग मधेच उघड्यावर भातशेती आणि चार घरं, तिथे लिंबू सरबत, मग परत झाडी. जाताना सरबत प्यायला थांबू नका, येताना प्या, म्हणजे गुहेत आधी पोचता. बोटवाला किंवा त्याचा माणूस गाइड म्हणून सोबत येतो, त्याच्या मागेच राहा.

गुहेचं तोंड मोठं आहे, सुरुवातीला वरून उजेड येतो, आत गेलं की टॉर्च. ही चुनखडी म्हणजे एकेकाळी समुद्राच्या तळाशी साठलेले शंख-शिंपल्यांचे आणि प्रवाळांचे थर, जमीन उचलली गेली तसे वर आले. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, ते चुनखडीच्या भेगांतून झिरपतं, चुना विरघळवतं, आणि गुहेच्या छतातून थेंब लोंबकळत राहिला की त्यातला चुना तिथेच मागे राहतो. असे थेंबावर थेंब साठून वरून खाली येणारे आणि खालून वर चढणारे लवणस्तंभ होतात. एक सेंटीमीटर वाढायला शंभरेक वर्षं लागतात असं धरा, म्हणजे तुमच्या हाताएवढा स्तंभ दिसला तर तो शिवाजी महाराजांच्या कितीतरी आधीचा.

हात लावू नका. हाताचं तेल लागलं की पाण्याचा चुना तिथे बसत नाही, वाढ थांबते आणि डाग काळा पडतो. वाटेलगतचे कितीतरी खांब असेच काळे झालेत, वरचे मात्र टॉर्च मारला की पांढरे चमकतात. तो फरक मुलांना दाखवा, सांगावं लागत नाही मग काही.

गाइड तुम्हाला गणपती, कमळ, हत्तीची सोंड असं काय काय दाखवेल. बघा, नमस्कारही करा वाटलं तर, पण एकदा सगळे टॉर्च बंद करून अर्धा मिनिट उभे राहा. एवढा पूर्ण अंधार शहरात कधी मिळत नाही. आणि तुटलेला तुकडा खाली पडलेला दिसला तरी उचलून आणू नका. तेच किनाऱ्यावरच्या प्रवाळाचं, विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात.

१०. चिखलाचा ज्वालामुखी

बोटीने परत नीलांबूरला, तिथून जीपने थोडं आत, मग शेदीडशे मीटरची पायवाट चढायची. ज्वालामुखी या शब्दावर जाऊ नका. लाव्हा नाही, आग नाही, कुंपणाआड राखाडी चिखलाचं वर्तुळ आणि त्यात मधूनच "बुडुक" करून फुटणारा बुडबुडा, गार चिखल. खरा जागता ज्वालामुखी बॅरन आयलंडला आहे, तो वेगळा, समुद्रात लांब. इथे जमिनीखाली खोलवर गाडलेल्या जुन्या जैविक गाळातून गॅस तयार होतो आणि पाणी-चिखल घेऊन वर येतो. ही सगळी बेटं एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा) दुसऱ्याखाली जातो त्या रेषेवर आहेत, म्हणून जमीन इथे शांत नाही. डिसेंबर २००४ च्या भूकंपानंतर इथला चिखल खूप उसळला होता. कधी मोठा उद्रेक झाला तर जागा बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या.

वेळ कमी असेल तर काय सोडायचं? हे सोडा, गुहा आणि बोट सोडू नका. पण वेळ असेल तर दहा मिनिटं शांत उभं राहून बघा, पुतण्याने सतरा बुडबुडे मोजले आणि तो निघायलाच तयार नव्हता.

११. परतीचं गणित

सहाच्या कॉन्वॉयने गेलात तर साडेअकरापर्यंत दोन्ही बघून होतं आणि साडेबाराचा परतीचा कॉन्वॉय मिळतो. परतीचा शेवटचा दुपारी तीनच्या आसपास असतो, त्यावर भिस्त ठेवू नका, फेरीला रांग असते. सकाळी मिडल स्ट्रेटला पोचल्या पोचल्या तिथल्या चौकीवर त्या दिवसाची वेळ विचारा आणि त्याच्या पाऊण तास आधी अलीकडे परत या. शेवटचा हुकला तर त्या रात्री बाराटांगलाच मुक्काम, आणि राहायच्या जागा अगदी मोजक्या. जाणूनबुजून राहणार असाल तर गोष्ट वेगळी, मग आधी खोली ठरवा आणि संध्याकाळी बोटीने पॅरट आयलंडला जा, सूर्य मावळताना पोपटांचे थवेच्या थवे त्या छोट्या बेटावर उतरतात.

परतीच्या रस्त्यावर नियम तेच. जेवण झालेलं असतं, सगळे पेंगतात, आणि तेव्हाच कोणीतरी मोबाइल काढतो. काढू देऊ नका.

पोर्ट ब्लेअरला चार-साडेचारला पोचता. त्या संध्याकाळी सेल्युलर जेलचा लाइट अँड साउंड शो ठेवू नका, खुर्चीत झोप लागते आणि तो कार्यक्रम झोपेत घालवण्यासारखा नाही, आदल्या दिवशी ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी हॅवलॉकची फेरी असेल तर पहाटेची नको, उशिराची घ्या.